पहिला मान

मालकाचं रक्त ओळखूनच उघडणारी सुई आली आणि पुलाखालची गर्दुल्ली माणसं निर्धास्त झाली. ज्याची त्याला एकच, वर्षभर पुरणारी. दुसऱ्याने कितीही झटापट केली तरी ती उघडत नसे. म्हणूनच दवाखान्यातल्या शर्मिष्ठाताईंनी "हेपॅटायटिस सी" हा रक्तातून पसरणारा यकृताचा आजार सांगताच दिगंबर उसळला.

"मशीन बिघडलंय तुमचं! माझी सुई दुसऱ्या कुणाला लागूच शकत नाही."

"लागली नसेल, दिगंबरभाऊ. पण तुमचा आजार जुना आहे, साध्या सुयांच्या काळातला. गोळ्यांनी बरा होईल." ताईंनी पुढचं विचारलं. "पावडर कशात विरघळवता?"

"बाटलीच्या झाकणात."

"ज्याचं त्याचं वेगळं?"

"नाही, एकच. पाणी एक, गाळायचा कापूस एक. सुया मात्र ज्याच्या त्याच्या…"

दिगंबरची वापरलेली सुई त्या पाण्यात बुडत होती. सुईला चिकटलेलं, डोळ्यांना न दिसणारं रक्त तिथेच उतरत होतं. आणि पुलाखाली वयाने थोरला तोच. पहिली सुई त्याची, मग बाकीच्यांची.

तो धापा टाकत पुलाखाली पोचला. भरलेल्या झाकणाभोवती सोबती इस्माईल आणि दिगंबरचा सख्खा धाकटा भाऊ वसंता बसले होते.

"हात लावू नका त्याला!" दिगंबर ओरडला.

वसंता हसला. "तू घेतल्याशिवाय आम्ही कधी लावलाय का, दादा?"