शेवटचं शीत

परदेशातून धर्मप्रचाराला आलेला तरुण मार्टिन पेठजवळच्या पाड्यावर चतुराबाईच्या घरी जेवायला बसला. ताटात अन्न टाकलं तर घरच्यांचा अपमान होतो, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. त्यानं शेवटचं शीतही टिपून खाल्लं. रिकामं ताट बघून चतुराबाईला वाटलं, पोर अजून भुकेलं आहे, मागायला लाजतंय. तिनं पुन्हा भात वाढला. त्यानं तोही संपवला. मग तिनं पातेलं खरवडून वाढलं. तेही कसंबसं गिळून मार्टिननं डोळे मिटले आणि मोडक्या मराठीत प्रार्थना केली, “देवा, या घरात कुणी कधी उपाशी झोपू नये.”

लेक रोशनी आईच्या कानाशी लागली. “आये, आता आपन काय खायचं?”

“आमेन म्हन,” चतुराबाई म्हणाली.