आत्याचा मान

तापानं फणफणलेल्या मुलीला रेवतीनं दवाखान्यातल्या यंत्रापुढे धरलं, तरी पडदा कोराच राहिला.

"ही आपल्या जाळ्यात नाहीच," डॉक्टर म्हणाले. "बारशाला पलीकडून फोन आला होता का?"

आला होता. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या रॉटरडॅमला. म्हणून रेवतीनंच हौसेनं बाळाच्या कानाशी मोबाइल धरला होता आणि शलाकाताईंनी तिकडून कुर्र करून नाव सांगितलं होतं : इरावती.

इंटरनेटवर हुकूम कुणाचा, यावर वर्षानुवर्षं भांडून देशांनी त्याची दोन जाळी करून घेतली होती. एकमत झालं ते एकाच कलमावर. मुलाला पहिल्यांदा नावानं हाक ज्या जाळ्यावरून येईल, मूल त्या जाळ्याचं. आणि हाक मारणारा त्याचा पालक.

"ते राहू द्या हो, औषध तरी द्या!"

"पलीकडच्या माणसासाठी इथलं औषधाचं कपाट उघडतच नाही. तिच्या पालकांशी बोला."

रेवतीनं तिथूनच फोन लावला. "ताई, काहीतरी घोळ झालाय. ही तुमची नाही, असं तेवढं तिकडे सांगा ना."

"घोळ कसला गं?" शलाकाताईंचा आवाज अगदी शांत होता. "संध्याकाळी आमची माणसं येतील तिला न्यायला. औषध त्यांच्याजवळच आहे. तू नुसती मुलगी दे. झबली-दुपटी मी बारशाच्या आधीच आणून ठेवलीत."