उरलेल्या फांद्या

मिलवॉकीच्या जर्मन दफनभूमीत हिवाळ्याच्या तोंडावर पाइनच्या फांद्यांनी थडगी झाकायची पद्धत. आपल्या माणसांना थंडी वाजू नये म्हणून. यंदा मृतांच्या रविवारी, म्हणजे नाताळच्या महिनाभर आधी गेलेल्यांची आठवण काढायच्या दिवशी, ओटिलीने नवऱ्याचं थडगं झाकलं आणि उरलेल्या फांद्या शेजारच्या मोकळ्या जागेवर टाकून दिल्या. जागा त्यांच्याच कुटुंबाची होती.

त्याच संध्याकाळी तिच्या लहानग्या मुलाला, थेओला ताप भरला. आठवड्याभराने डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा कुठे तिला मोकळ्या जागेवर टाकलेल्या त्या फांद्या आठवल्या.

ती दफनभूमीकडे धावत सुटली. सगळीकडे बर्फ साचला होता, त्या फांद्यांवर मात्र कणभरही नव्हता. हात लावला तर उबदार लागल्या. ती वेड्यासारखी एकेक ओढून फेकू लागली.

"अहो ओटिलीबाई, मेलेल्या माणसाचं पांघरूण असं ओरबाडतात का?" राखणदार क्नाउस ओरडला.

"इथं कोणी नाहीये!" ती किंचाळली. "ऐकलंत? कोणी नाहीये इथं!"

शेवटची फांदी निघाली. खाली नुसती माती होती.

घरी दारातच नणंद हसत-रडत समोर आली. "वहिनी, ताप उतरला गं! पण नुसता कुडकुडतोय बघ. तीन रजया घातल्या तरी थांबेना."

ओटिलीने पोराला पोटाशी धरलं. अंग गारठलं होतं. "थेओ, आई आलीय, बाळा."

आठवडाभर खाटेवरून न उठलेल्या थेओने डोळे उघडले.

"आई," त्याचे दात वाजत होते, "माझ्याच फांद्या का काढल्यास गं? बाबांच्या अंगावर आहेत की अजून."