क्रुसाच्या पलीकडे

टॅम्सिनच्या मेंढ्या क्रुसाच्या पलीकडे गेल्या होत्या.

असं आजवर कधी झालं नव्हतं. माळावर ना कुंपण, ना भिंत. रस्त्याकडेला तो कललेला जुना दगडी क्रूस, तेवढीच काय ती हद्द. अलीकडे तिच्या लाल खुणेच्या मेंढ्या, पलीकडे तिच्या दिराच्या, हेडलीच्या, निळ्या खुणेच्या. दोन कळप एकमेकांना थोपवून धरायचे. एक माळावरून गेला की दुसरा भरकटलाच, हे माळावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

कुत्र्याला मेंढ्यांमागे पिटाळून ती क्रुसापाशी आली. मेंढ्या अंग घासायच्या, त्यामुळे दगडाला दोन्हीकडून लोकर चिकटलेली असायची. आज अलीकडे लाल झुबके होते. पलीकडे एक केस नव्हता.

तेवढ्यात हेडलीची गाडी येऊन थांबली.

"वहिनी, मी सांगायला येणारच होतो."

"कधी विकल्यात?"

"झाला महिना. सगळ्याच दिल्या."

"आणि मी बावळट! म्हटलं, भावजींच्या मेंढ्या खालच्या ओढ्याला असतील."

"अहो, गुडघे गेले माझे. किती ओढायचं माणसानं?"

"बोलायला गुडघे लागतात होय, भावजी?"

टॅम्सिनच्या नवऱ्याची, म्हणजे हेडलीच्या भावाची, शवपेटी इथेच घटकाभर टेकवली होती, तेव्हा याच दगडावर हात ठेवून हेडली म्हणाला होता, 'वहिनी, विकायची वेळ आली तर आधी तुम्हाला विचारीन.'

"निम्म्या मीच ठेवून घेतल्या असत्या हो! आता माझ्या कोण थोपवणार? रोज एक गाडीखाली जाईल."

"तुम्हीपण विकून टाका की." त्याने घसा खाकरला. "त्याच गिऱ्हाइकाला मी... तुमच्या कळपाचंही बोलून ठेवलंय."

टॅम्सिनला रडू आलं असतं तर बरं, पण नुसता संताप येत होता. "चालते व्हा," ती म्हणाली.

गाडी गेली. कुत्र्याने वळवून आणलेल्या मेंढ्या पुन्हा पलीकडे तोंड करून निघाल्या. टॅम्सिन क्रुसाला वळसा घालून धावली आणि दिराच्या बाजूला, निळ्या कळपाच्या जागी, दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"मागं फिरा गं बायांनो! मागं!"

एक म्हातारी मेंढी तेवढी थबकली, मागे वळली. बाकीच्या टॅम्सिनच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या.