गहू न शिजणारं घर

सकाळी आठच्या ठोक्याला फोन वाजला. कोसाराने पिठाचे हात पुसले, केस सारखे केले आणि मगच रिसीव्हर उचलला. तिचा भाऊ रादोय्को गेली एकतीस वर्षं स्लावाच्या दिवशी याच वेळी मेलबर्नहून फोन करत आला होता. घराण्याच्या संताचा सण, तो विसरेल कसा?

"आत्या? मी ओग्न्येन. रादोय्कोचा मुलगा."

आवाज परका होता. बोलणंही अडखळत, कागदावरचं वाचून दाखवल्यासारखं. कोसाराच्या मनात पाल चुकचुकली.

टेबलापाशी कॉफी पीत बसलेल्या शेजारणीने, स्तानाने, लगेच हातवारे सुरू केले. गेल्याच महिन्यात फोनवरच्या अशाच एका 'नातवाने' तिची सोन्याची साखळी लांबवली होती. तेव्हापासून ती ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पीत होती.

"ठेव तो फोन!" ती कुजबुजली. "आधी आत्या म्हणतात, मग अपघात झाला म्हणतात, आणि संध्याकाळी दारात माणूस येऊन उभा राहतो!"

कोसाराने तिला डोळ्यांनीच गप्प केलं. तीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती.

"आपला संत कोणता रे, बाळा?"

"देवदूत मिखाईल."

यात काय मोठंसं? कॅलेंडर बघूनही कुणी सांगेल. कोसाराने आवाजात मध कालवला.

"आणि यंदा तुझ्या बापानं गहू शिजवला की नाही? अक्रोड, साखर घालून? त्याच्या हातचा गहू म्हणजे काय विचारतोस!"

स्ताना कपाआड हसली. सापळा तिला ठाऊक होता.

मग तो म्हणाला, "गहू नाही, आत्या. इतरांच्या स्लावाला शिजवतात. गहू मेलेल्यांसाठी असतो, आणि आपला देवदूत तर जिवंत आहे. आपल्या घरी या दिवशी गहू शिजत नाही."

स्तानाचं हसू मावळलं. पण कोसाराचं समाधान होईना. हेही कुणी पढवलं असेल. हल्लीचे चोर काय, पाद्र्यालाही बायबल शिकवतील.

"बापाला दे फोन," ती करड्या आवाजात म्हणाली. "एवढा मोठा झाला का तो, की सख्ख्या बहिणीशी मुलाकरवी बोलतो?"

मग खूप हळू आवाज आला.

"आत्या, पाव कुठून कुठे फिरवायचा? सगळे टेबलाभोवती उभे आहेत. मी आजवर नुसतंच बघितलंय."

कोसाराने खुर्ची ओढली आणि ती बसली. बाप आहे तोवर स्लावाचा पाव बापच फिरवतो. मुलगा नुसता शेजारी उभा राहतो. इतका वेळ हा चोर तर नाही ना, याची तिला धास्ती होती. आता तो चोरच निघावा, असं तिला जिवापाड वाटलं.

"मला आधी सांगायचं होतं," तो म्हणाला. "पण तुमच्या भाषेत कसं सांगायचं, तेच कळेना."

"कळलं मला. डावीकडून उजवीकडे. तीनदा. मग पाव उलटा कर, क्रूसासारखा छेद दे आणि त्यात लाल वाइन ओत. घाई करू नकोस, लेका. लोक थांबतील."

तिने फोन ठेवला.

"काय म्हणाला?" स्ताना पुढे सरसावली. "मागितलंच ना शेवटी काहीतरी?"

"मागितलं."

कोसारा उठली. फळीवरची गव्हाची बरणी काढून तिने परातीत उपडी केली.

"अगं, आज? या घरात?"

"चष्मा लाव," कोसारा म्हणाली, "आणि निवडायला बस."