एकच पत्ता
दुपारी चारला धरणावरच्या पाणीमापकाचा डायल-अप मोडेम जोडला गेला, पण त्याला आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यावरची ओळख, मिळेना. धुळ्याच्या कार्यालयात बसलेल्या नवलने तो हातानेच नेमून दिला. लगेच पडद्यावर आकडा उमटला: नदीची पातळी पंचवीस सेंटिमीटर, स्थिर. तेवढ्यात गावाहून थोरल्या बहिणीचा फोन आला. “नवल, पानी गढूळ व्हई राहिनं. आम्ही बठ्ठ्या बाया नदी वलांडूत का? तुन्हं यंत्र काय म्हनस?” “पानी तितलंच शे, अक्का. बिनघोर उतरा.” फोन ठेवला तोच दिपमाला फरशी पुसायला आली. “भाऊ, टेबलाखालची ही पाण्याची बादली लागेल. यातली ही तार काढू?” “काढ.” तिने तार बाहेर ओढली आणि पडद्यावरची नदी शून्यावर आली. बादलीतला जुना मापक सकाळी चाचणीसाठी त्यानेच जोडला होता, त्याच पत्त्यावर. धरणाचा आकडा अजून आलाच नव्हता. नवलने अक्काला फोन लावला. रिंग वाजतेय.