लाल ठिपक्याचा बोर्ड

"कुठलाही बोर्ड दाखवा, त्याच्या कॉम्प्युटरच्या सात पिढ्या सांगतो!" इलेक्ट्रॉनिक्सचे निवृत्त विभागप्रमुख सबनीस सर कॉलेजच्या नव्या संग्रहालयात गरजले.

प्राचार्यांनी लगेच एक धुळकट सर्किट बोर्ड पुढे केला. टोपडी घातलेल्या बाळांसारखे बारा ट्रान्झिस्टर रांगेत, आणि आठव्याच्या पायाशी लाल ठिपका. "ओळखलात तर काचेच्या कपाटात, नाहीतर भंगारात. गाडी खाली उभी आहे."

सर भिंग घेऊन वाकले. "लाल ठिपका म्हणजे लष्करी माल. पाणबुडीतला कॉम्प्युटर!"

"पाणबुडी कसली? कुंकू आहे ते," त्यांच्याच विभागातल्या जुन्या टेक्निशियन टिपरेबाई मागून म्हणाल्या. "आपल्याच पहिल्या कॉम्प्युटरचा बेरजेचा बोर्ड, सर. खंडेनवमीला मी पूजा केली, ओल्या कुंकवानं आठवा ट्रान्झिस्टर गेला. तीन दिवस मशीन बंद! मग मीच नवा बसवला. त्याचा सोल्डरचा टाका बघा."

सरांनी पाहिलं. बाकीचे टाके ओबडधोबड, आठव्याचा मात्र ज्वारीच्या दाण्यासारखा गोल, पन्नास वर्षांनीही लखलखीत. ते बघतच राहिले. "बाई, असा टाका मला उभ्या जन्मात जमला नाही हो."

"कसा जमेल? सोल्डरिंग आयर्न तुम्ही कपड्यांच्या इस्त्रीसारखा धरायचात!"

प्राचार्यांनी बोर्ड मानानं कपाटात ठेवला आणि उद्घाटनाचा नारळ बाईंपुढे धरला. बाईंनी तो सरांना दिला. सरांनी भरल्या मनानं तो फरशीवर आपटला. नारळ उसळून कपाटावर गेला. काच फुटली. नारळ फुटला नाही.